परवान्याचा कागद संगणकात कुठे असतो?

आपल्या जवळजवळ प्रत्येक घरात एक पत्र्याची पेटी असते. बहुधा ती कॉटखाली सरकवलेली असते आणि तिची किल्ली आईच्या नाही तर आजीच्या कनवटीला असते. आत शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, पडताळणी समितीचे प्रमाणपत्र, रेशनकार्ड, वडिलांच्या कंपनीचे नेमणूकपत्र, घरपट्टीच्या पावत्या असा ऐवज. छप्पर गळू लागले की आधी ही पेटी उचलून कोरड्या जागी ठेवतात. कागदाची किंमत आपल्या लोकांना कुणी व्याख्यान देऊन शिकवलेली नाही. 'कागद आहे का?' हा प्रश्न तहसीलच्या खिडकीपुढे उभे राहून ज्यांनी पिढ्यान् पिढ्या ऐकला, त्यांना ती ठाऊकच असते.

याच घरांतली मुले आता संगणकावर पोट भरू लागली आहेत आणि त्या संगणकातही एक कागद असतो. सॉफ्टवेअरचा परवाना. दुकानात त्याला सगळे 'लायसन्स'च म्हणतात. हा कागद डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही, म्हणून त्याच्यासाठी कुणी पेटी करीत नाही. तो गेला की मगच तो होता हे कळते. या वेळी आम्ही त्याच कागदाविषयी लिहीत आहोत. विषय जरा कोरडा वाटेल. पण ज्या घरात डीटीपीचे, झेरॉक्सचे किंवा हिशेब लिहिण्याचे छोटे दुकान आहे, त्या घरातल्या आई-वडिलांनीही हा लेख मुलांबरोबर बसून वाचावा, कारण दुकानासाठीचे कर्ज पुष्कळदा त्यांच्याच नावावर असते.

शिरूरचेच उदाहरण घेऊ. जुनी माणसे ज्याला अजून घोडनदी म्हणतात ते हे गाव, पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचे. तालुक्यात रांजणगावला औद्योगिक वसाहत झाली, सणसवाडी-शिक्रापूरला कारखाने आले. समजा, वडील त्यातल्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला आहेत, आई बचत गटात आहे आणि मुलगा बारावीनंतर एमएस-सीआयटी करून डीटीपी शिकला आहे. बचत गटाचे कर्ज काढून त्याने एक गाळा भाड्याने घेतला. त्यात एक संगणक, एक प्रिंटर आणि तीन विकत घेतलेली सॉफ्टवेअरे: एक मराठी टंकलेखनाचे, एक हिशेबाचे, एक व्हायरसपासून राखण करणारे. लग्नपत्रिका, १४ एप्रिलचे फलक, किराणा दुकानदारांची बिले यावर त्याचे चालले आहे.

मे महिना, लग्नसराई. वळवाच्या पावसात वीज गेली, आली, पुन्हा गेली आणि संगणक सुरू होईना. दुरुस्तीवाल्याने सांगितले, 'फॉरमॅट मारावा लागेल.' पत्रिकांच्या फायली त्याने काळजीने पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या. फॉरमॅट मारला, विंडोज पुन्हा टाकले, सॉफ्टवेअरे पुन्हा टाकली. संगणक नव्यासारखा पळू लागला. मग मुलाने मराठीचे सॉफ्टवेअर उघडले तर ते म्हणाले, नोंदणी करा. हिशेबाचे म्हणाले, परवाना नाही. दारात नवरदेवाचे मामा पत्रिकेसाठी उभे. पैसे तर मोजलेले आहेत, बिलही आहे. मग परवाना गेला कुठे?

तो फॉरमॅटमध्ये पुसला गेला. फायली उतरवून घेताना त्या संगणकाच्या कोणत्या कोपऱ्यात परवान्याची नोंद पडून होती, हे ना दुरुस्तीवाल्याला ठाऊक होते, ना मुलाला.

विकत काय घेतले?

सॉफ्टवेअर विकत घेतले असे आपण बोलतो, पण खरे तर आपण ते वापरायची परवानगी घेतलेली असते. हा फरक छापखान्यातल्या जुन्या माणसांना चटकन समजेल. शिशाच्या खिळ्यांचा छापखाना होता तेव्हा खिळे मालकाचे असत. केसमधला 'क' आणि 'ळ' झिजेपर्यंत वापरा, वितळवा, विका, कुणी विचारणारे नव्हते. आपली साप्ताहिके अशाच खिळ्यांवर जुळवली जात. पुढे डीटीपी आले, खिळे गेले, आणि अक्षरे परवान्यावर मिळू लागली.

मराठी अक्षरांच्या या व्यवहारात पुण्याचा वाटा मोठा आहे. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संस्था स्थापन झाली. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले 'जिस्ट' तंत्र तिने पुढे नेले. सुरुवातीला जिस्ट हे एक कार्डच होते. ते संगणकाच्या पोटात बसवले की पडद्यावर मराठी दिसे, काढले की मराठी बंद. वेगळ्या परवान्याची गरजच नव्हती, कार्ड हाच परवाना. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचे 'श्रीलिपी' महाराष्ट्रातल्या डीटीपीच्या दुकानांत घरोघरच्या पाटा-वरवंट्याइतके ओळखीचे झाले. त्याच्याबरोबर बोटभर लांबीचा एक तुकडा येई. संगणकाच्या मागे, प्रिंटरची वायर जोडतात त्या पॅरलल पोर्टला तो लावायचा. पुढे तोच यूएसबीचा झाला. त्याला डोंगल म्हणतात, पण दुकानात सगळे 'लॉक'च म्हणत. 'लॉक आहे का?' म्हणजे सॉफ्टवेअर खरे आहे का.

या लॉकची एक गोष्ट आम्हांला अजूनही आवडते. परवाना कुठे आहे हे आंधळ्यालाही चाचपून सांगता येई. फॉरमॅट मारा, हार्डडिस्क बदला, नवा संगणक आणा, लॉक काढून तिकडे लावला की झाले. रात्री दुकान बंद करताना गल्ल्याबरोबर लॉकही घरी नेणारे दुकानदार होते, आणि ते शहाणेच होते. तोटाही उघड होता. लॉक चोरीला गेला, खाली पडून फुटला किंवा विजेच्या झटक्याने जळला, तर परवानाच जळला.

बाहेरच्या जगातही हाच प्रश्न निरनिराळ्या रीतीने सोडवला जात होता. १९८० च्या दशकात 'लोटस १-२-३' हा आकडेमोडीचा प्रोग्रॅम जगभर चाले. त्याची मूळ फ्लॉपी संगणकात घातल्याशिवाय तो सुरूच होत नसे. फ्लॉपीला बुरशी लागली की प्रोग्रॅम मुका. नंतर खोक्यावर छापलेला लांबलचक क्रमांक आला. तो टाकला की काम सुरू. पण एकाच क्रमांकावर दहा दुकाने चालू लागली, तेव्हा कंपन्यांनी पुढची पायरी गाठली. क्रमांक टाका, शिवाय कंपनीला कळवा. यालाच ॲक्टिव्हेशन म्हणतात.

सर्वसामान्य माणसाच्या घरापर्यंत हे प्रकरण पोहोचले ते २००१ मध्ये, विंडोज एक्सपीबरोबर. २५ अक्षरांची की टाकायची आणि ३० दिवसांत मायक्रोसॉफ्टकडे नोंद करायची. इंटरनेट नसेल तर फोन लावायचा, पडद्यावरचे ५० हून अधिक आकडे वाचून दाखवायचे आणि पलीकडून सांगितलेले ४२ आकडे न चुकता टाकायचे. एक आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून! एक्सपी संगणकाच्या दहा भागांच्या खुणा घेऊन त्यांचा एक गोषवारा करी. त्यात हार्डडिस्क, प्रोसेसर, नेटवर्क कार्ड असे भाग असत. एक-दोन बदलले तर ते चालवून घेई, बरेच बदलले की पुन्हा नोंदणी मागे. ही सगळी नोंद विंडोजच्या 'सिस्टीम ३२' या फोल्डरातल्या 'डब्ल्यूपीए डॉट डीबीएल' नावाच्या एका चिमुकल्या फाईलमध्ये राही. जाणकार दुरुस्तीवाला फॉरमॅट मारण्याआधी ती फाईल फ्लॉपीवर घेऊन ठेवी आणि त्याच यंत्रात पुन्हा ठेवून देई. एवढ्याने फोन वाचे. दुरुस्तीवाल्याचे खरे कसब अशा ठिकाणी दिसते.

उतारा इथे, दप्तर तिथे

आजची पद्धत समजून घ्यायला सातबाराचा विचार करावा. आपल्या पेटीत असतो तो उतारा. मूळ नोंद असते महसूल दप्तरात. उतारा भिजला तर दुसरा काढता येतो, पण दप्तरात आपले नाव नसेल तर पेटीतला उतारा कितीही जपला तरी उपयोग नाही. ॲक्टिव्हेशनचेही असेच आहे. संगणकात पडलेली फाईल हा उतारा आणि कंपनीच्या सर्व्हरवरची नोंद हे दप्तर.

संगणकात हा उतारा चार-पाच ठरावीक जागी सापडतो. विंडोजची स्वतःची एक नोंदवही असते, तिला रजिस्ट्री म्हणतात. पुष्कळ प्रोग्रॅम तिथे लिहून ठेवतात. 'प्रोग्रॅम डेटा' नावाचा एक फोल्डर असतो, तो एरवी लपवलेला असतो. त्यातली नोंद त्या संगणकावर बसणाऱ्या सर्वांना लागू पडते. 'ॲप डेटा' नावाचा दुसरा असतो, तो एकेका वापरकर्त्याचा. म्हणून कधी असे होते की थोरल्याच्या नावाने संगणक उघडला तर सॉफ्टवेअर चालते आणि धाकटीने आपल्या नावाने उघडला तर ते पुन्हा की मागते. यंत्रात बिघाड नसतो. परवाना थोरल्याच्या खणात ठेवलेला असतो, एवढेच. काही जुने प्रोग्रॅम आपल्याच फोल्डरात, म्हणजे 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये लिहीत. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा आल्यापासून साध्या वापरकर्त्याला तिथे लिहिण्याची मोकळीक राहिली नाही आणि असे प्रोग्रॅम रोज सकाळी नव्याने परवाना मागू लागले. 'ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा' हा मंत्र दुकानादुकानांत पसरला तो असल्याच प्रोग्रॅमांमुळे.

यातली कोणतीही जागा फॉरमॅटपुढे टिकत नाही. सी ड्राइव्ह पुसला की रजिस्ट्री आणि हे दोन्ही फोल्डर जातात. हल्ली जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी टाकून घेण्याची पद्धत पडली आहे. संगणक वेगवान होतो, खर्चही बेताचा. पण ज्या प्रोग्रॅमने हार्डडिस्कचा क्रमांक खूण म्हणून घेतलेला असतो, त्याला हा संगणक परका वाटतो. त्यामुळे एसएसडी टाकण्याआधी दोन मिनिटे थांबून विचारावे, 'माझे परवाने कुठे आहेत?'

चांगल्या कंपन्यांनी यावर सोय केलेली आहे आणि ती वापरण्यात कमीपणा नाही. पुण्याच्या क्विक हीलचे उदाहरण आमच्या वाचकांना मुद्दाम सांगावेसे वाटते. कैलाश काटकर हे दहावीनंतर शिक्षण सोडून कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले. त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी व्हायरस काढणारा प्रोग्रॅम लिहिला आणि १९९५ मध्ये तो बाजारात आला. २०१६ मध्ये ही कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली. दुरुस्तीच्या टेबलावरून उठलेल्या माणसांना फॉरमॅटची डोकेदुखी ठाऊक असणारच. त्यांच्या पद्धतीत २० अक्षरांची की, नाव, फोन व ईमेल कंपनीकडे नोंदले जाते, आणि फॉरमॅटनंतर तीच की टाकून उरलेल्या मुदतीसाठी पुन्हा नोंदणी करता येते. म्हणजे दप्तर त्यांच्याकडे, की आपल्याकडे. अर्थात की जपून ठेवलेली हवी. खोके रद्दीत गेले आणि की कुठे उतरवून घेतली नाही, तर दारोदार फिरणे आले.

हिशेबाच्या 'टॅली'त वेगळी रीत आहे. बंगळूरच्या गोएंका पितापुत्रांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या कंपनीचा हा प्रोग्रॅम आज लहान व्यापाऱ्यांच्या दुकानांतही दिसतो. त्यात परवाना 'सरेंडर' करण्याची सोय आहे. यंत्र बदलायचे असेल तर आधी जुन्या यंत्रावरून परवाना कंपनीकडे जमा करायचा आणि मग नव्या यंत्रावर उचलायचा. भाड्याची खोली सोडताना किल्ली परत देतो तसे. किल्ली न देता खोली सोडली, म्हणजे सरेंडर न करताच यंत्र भंगारात घातले, तर दप्तरात आपला परवाना जुन्याच यंत्रावर दिसत राहतो. मग फोन, ईमेल आणि 'मीच तो' हे सिद्ध करणे. आणि विंडोजचे म्हणाल तर २०१५ च्या विंडोज १० पासून परवान्याची नोंद मायक्रोसॉफ्टच्या दप्तरात यंत्राच्या खुणेसह राहते. मदरबोर्ड तोच असेल तर फॉरमॅटनंतर इंटरनेट जोडले की विंडोज आपोआप ओळख देते. म्हणून 'विंडोजचे काही झाले नाही, मग बाकीच्यांचे का झाले?' हा प्रश्न बरोबर असला तरी त्याचे उत्तर सोपे आहे. प्रत्येकाचे दप्तर निराळे.

आता सर्वांत जास्त फसगत जिथे होते ते सांगतो. नोंदणी कुणाच्या नावावर झाली? संगणक विकणारा घाईत असतो. 'मी करून देतो' म्हणतो आणि आपलाच ईमेल, आपलाच मोबाइल टाकून मोकळा होतो. तीन वर्षांनी तो दुकान बंद करून दुसरीकडे जातो. नव्याने नोंदणी करायला जावे तर ओटीपी त्याच्या फोनवर! पैसे आपले, परवाना त्याच्या नावावर. जमिनीच्या बाबतीत असे काही झाले तर आपण गाव गोळा करू. म्हणून सॉफ्टवेअर टाकताना शेजारी उभे राहावे, आपलाच मोबाइल क्रमांक आणि आपलाच ईमेल टाकायला लावावा आणि पक्के बिल दुकानाच्या नावाने घ्यावे. मोबाइलचा क्रमांक बदलला तर बँकेत कळवतो तसे इथेही बदलून घ्यावे. रिचार्ज न केल्याने बंद पडलेला क्रमांक पुढे भलत्याच माणसाला दिला जातो, हे विसरू नये. की, नोंदणीची तारीख, कोणता ईमेल, कोणता फोन, मुदत कधी संपते, एवढे एका वहीत लिहून ठेवावे. संगणकाच्या फाईलमध्ये नव्हे, वहीत.

बारा रुपयांची अक्कल?

एक विचित्र पण नेहमीची घटना. मदरबोर्डवर बटणासारखा एक गोल सेल असतो, सीआर २०३२ नावाचा. संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवणे हे त्याचे काम. काही वर्षांनी तो संपतो आणि सकाळी संगणक सुरू केला की तारीख दहा-पंधरा वर्षे मागे गेलेली असते. मुदतीचा परवाना असलेले प्रोग्रॅम शेवटी कधी वापरले याची तारीख लिहून ठेवतात, कारण तारीख मागे ढकलून मुदत वाढवणारे लोकही असतात. मग प्रोग्रॅमला वाटते, याने लबाडी केली, आणि तो बंद पडतो. चहा-नाश्त्याच्या पैशांत येणाऱ्या सेलपायी प्रामाणिक गिऱ्हाईक चोर ठरतो. आधी तारीख पाहावी, सेल बदलावा, मगच कंपनीला फोन लावावा.

इथून पुढचे आमच्या त्या तरुण वाचकांसाठी, जे बीसीएस, एमसीए करून स्वतःच सॉफ्टवेअर लिहू लागले आहेत. दूध संकलन केंद्राचा हिशेब, पतसंस्थेची खाती, किराण्याची बिले, असली कामे तालुक्याच्या गावी पुष्कळ आहेत. आपलेही कष्ट फुकट जाऊ नयेत म्हणून परवाना हवाच. प्रश्न इतकाच की तो गिऱ्हाइकाच्या संगणकात कसा ठेवायचा.

पुष्कळ नवखे एक फाईल करतात, तिच्यात 'नोंदणी झाली: होय' अशा अर्थाचे काहीतरी लिहितात आणि मग ती लपवण्याच्या खटाटोपात अर्धे आयुष्य घालवतात. लपवण्याने काय होते ते अमेरिकेत दिसले. 'टर्बोटॅक्स' हा आयकर भरण्याचा तिथला लोकप्रिय प्रोग्रॅम. २००२ च्या करवर्षासाठीच्या आवृत्तीत कंपनीने परवान्याची खूण हार्डडिस्कच्या अगदी सुरुवातीच्या पट्ट्यात लिहिली, जिथे कुठलीही फाईल नसते आणि जिथे संगणक सुरू करणारी नाजूक सामग्री असते. गिऱ्हाइकांना हे कळताच असा गदारोळ झाला की २००३ मध्ये कंपनीने ती पद्धत सोडून दिली. भाडेकरूच्या घरात त्याला न सांगता भिंत फोडून तिजोरी बसवण्यासारखेच ते होते.

यापेक्षा साधा मार्ग आहे. जातीच्या दाखल्यावर काय लिहिले आहे हे कुणीही वाचू शकतो. त्यात लपवण्यासारखे काही नसते. पण नाव खोडून दुसरे घातले तर सही-शिक्का बोलतो. परवान्याची फाईलही तशीच करावी. गिऱ्हाइकाचे नाव, सॉफ्टवेअरचे नाव, मुदत, यंत्राची खूण हे उघड लिहावे आणि त्याखाली डिजिटल सही करावी. या सहीला दोन किल्ल्या असतात. सही करण्याची गुप्त किल्ली फक्त आपल्याकडे, आपल्या संगणकावर. सही तपासण्याची उघड किल्ली प्रोग्रॅमच्या पोटात. मजकुरातले एक अक्षर बदलले तरी तपासणी फसते, आणि तपासणारी किल्ली हाती लागली म्हणून कुणाला सही करता येत नाही. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी १९७७ मध्ये मांडलेले हे गणित आज फुकट मिळणाऱ्या साधनांत तयार आहे, स्वतः रचण्याची गरज नाही. स्वतः रचूही नये.

अशी फाईल लपवावी लागत नाही, हा तिचा मोठा गुण. ती 'प्रोग्रॅम डेटा'त ठेवावी आणि गिऱ्हाइकाला सांगावे, 'ही फाईल, हिची प्रत पेनड्राइव्हवर ठेवा.' यंत्राची खूण घेताना एकाच भागावर विसंबू नये. चार-पाच खुणा घ्याव्यात आणि बहुतेक जुळल्या तर मानावे. विशेषतः ड्राइव्हच्या नावाबरोबर दिसणारा व्हॉल्यूम क्रमांक घेऊ नये. तो फॉरमॅटबरोबर बदलतो आणि मग वर सांगितलेल्या मुलाची पाळी आपल्याच गिऱ्हाइकावर येते. इंटरनेट नसले तर काही दिवसांची सवड द्यावी. वादळी पावसानंतर दोन-दोन दिवस लाइन नसते, हे पुण्यात बसून लक्षात येत नाही. गिऱ्हाइकाचा आधार क्रमांक, जन्मतारीख असले काही परवान्याच्या फाईलमध्ये घालू नये, त्याची गरजच नसते. आणि एक कटू सत्य आधीच पचवावे. निश्चय केलेला माणूस आपला प्रोग्रॅमच फोडून तपासणीची ओळ काढून टाकतो. तो थांबणार नाही. त्याच्यासाठी नव्वद प्रामाणिक दुकानदारांना छळण्यात अर्थ नाही.

'क्रॅक'चे म्हणाल तर आम्ही मुलांवर दगड उचलणार नाही. पंचवीस-तीस हजारांचे सॉफ्टवेअर आणि महिन्याला आठ हजारांची मिळकत यांचा मेळ कसा घालायचा, हे सांगणे उपदेश करण्याइतके सोपे नाही. पण कायदा काय आहे तो ठाऊक असावा. कॉपीराइट कायदा १९५७ चा. १९९४ च्या दुरुस्तीने त्यात कलम ६३-ब आले. बेकायदा प्रत आहे हे ठाऊक असून संगणकावर वापरली, तर किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि किमान पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळू शकते, पण दुकान हा धंदाच असतो. २०१२ च्या दुरुस्तीने परवान्याचे कुलूप फोडणे हाही गुन्हा झाला, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद. त्याच कायद्याने खरेदीदारालाही एक हक्क दिला आहे, तो मात्र कुणी सांगत नाही. कलम ५२ प्रमाणे कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला नुकसानीपासून बचाव म्हणून राखीव प्रत करून ठेवता येते. शिवाय क्रॅक चालवताना 'अँटिव्हायरस बंद करा' असे का सांगतात, याचा विचार मुलांनीच करावा. दाराचा कुत्रा बांधून ठेवा म्हणणारा पाहुणा कसला असतो?

ज्याला परवडत नाही त्याने लिब्रे ऑफिस आणि इंकस्केप यांच्याकडे वळावे असे आम्ही मनापासून सुचवतो. हे प्रोग्रॅम मोफत आहेत आणि त्यांना ॲक्टिव्हेशन नाही, म्हणजे फॉरमॅटमध्ये हरवायला काही नाही. मुंबईच्या 'एक टाइप'ने केलेली 'मुक्त' आणि 'बालू' ही देवनागरी अक्षरेही मोफत आहेत आणि लग्नपत्रिकेत शोभून दिसतात.

दप्तर कंपनीकडे असण्यात एक धोका उरतोच. दप्तरच जळाले तर? 'फोटोशॉप' करणाऱ्या अडोबीने २००५ च्या आपल्या 'सीएस २' संचासाठीचे ॲक्टिव्हेशनचे सर्व्हर २०१२ च्या अखेरीस बंद केले. ज्यांनी पैसे मोजून तो घेतला होता त्यांनी संगणक फॉरमॅट केला तर पुन्हा नोंदणी होणार कशी? कंपनीला ॲक्टिव्हेशन न लागणारी आवृत्ती आणि नवे क्रमांक द्यावे लागले. मोठी कंपनी होती, बोलबाला झाला, म्हणून सोय झाली. तालुक्याच्या गावातल्या एकट्या प्रोग्रॅमरने धंदा सोडला तर पतसंस्थेची खाती कोण उघडून देणार? म्हणून असे सॉफ्टवेअर घेताना, 'तुम्ही नसलात तर हे चालेल का, आणि आमचा हिशेब साध्या एक्सेलमध्ये बाहेर काढता येतो का?' हे दोन प्रश्न लेखी विचारावेत.

मराठी डीटीपीवाल्यांवर तर हे संकट दुहेरी आहे. जुन्या मराठी सॉफ्टवेअरांत प्रत्येकाची अक्षरांची सांकेतिक रचना वेगळी होती. त्या फॉन्टशिवाय फाईल उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि खुणांचा काला दिसतो. म्हणजे परवाना गेला की सॉफ्टवेअर तर गेलेच, शिवाय वीस वर्षांचा आपला मजकूरही वाचता येत नाही. त्यात विहारांच्या स्मरणिका आहेत, गावोगावच्या मंडळांचे अहवाल आहेत, माणसे गेल्यावर छापलेले श्रद्धांजलीचे अंक आहेत. युनिकोडमध्ये ही अडचण नाही. त्यातला 'क' सगळीकडे 'क'च असतो. ज्यांच्याकडे जुना लॉक अजून चालतो आहे, त्यांनी तो चालतो आहे तोवरच त्या फायली उघडून मजकूर रूपांतरकातून युनिकोडमध्ये उतरवावा, एकदा डोळ्यांखालून घालावा, जोडाक्षरे आणि रफार तपासावेत, आणि प्रत दोन ठिकाणी ठेवावी. लॉक पॅरलल पोर्टचा असेल तर तो जुना संगणक भंगारवाल्याला देण्याआधीच हे उरकावे. नव्या संगणकांना तो पोर्टच नसतो.